सोवळ्यातला फ्यूज

१९३३ च्या सुमारास नाशकात मोटारी असतील पंचवीस-तीस, पण प्रत्येक मोटारीला निदान दोन वैद्य होते. एक इंजिनात हात घालणारा आणि दुसरा, इंजिन का बिघडले हे चारचौघांत सांगणारा. दुसऱ्या प्रकारचे वैद्य गावात मोटारींपेक्षा जास्त होते आणि त्यांना मान मोठा होता. इसाक मिस्त्री या दोघांतही बसत नव्हता. तो फक्त वायरी बघायचा. दिवे, भोंगा, बॅटरी, डायनामो आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या तारा एवढीच त्याची दुनिया होती, आणि तिथे तो कुणाला ऐकत नसे.

त्याचा बाप शफी कल्हईवाला. खांद्यावर भाता, पिशवीत कथील आणि नवसागर घेऊन शफी पंचवटीच्या गल्ल्यांतून हिंडायचा. भटजींच्या घरची सोवळ्याच्या स्वयंपाकाची पितळी पातेली त्याने आयुष्यभर चकचकीत करून दिली. बापाचा हात बघत इसाक कथलाने धातू जोडायचे झाळकाम शिकला. पुढे मोठे युद्ध सुरू झाले तेव्हा देवळालीच्या छावणीत लष्करी मोटारींच्या दुरुस्तीला माणसे हवी होती, आणि झाळकाम येते म्हणून इसाकला घेतले. तिथल्या एका गोऱ्या सार्जंटने त्याला वायरिंग आणि शिव्या अशा दोन गोष्टी शिकवल्या. युद्ध संपल्यावर शिव्यांचे गिऱ्हाईक राहिले नाही, वायरिंगचे राहिले.

दूध बाजाराच्या कोपऱ्यावर त्याने पत्र्याची टपरी टाकली. आत एक लाकडी पेटी, कोळशाची लहानशी भट्टी, आणि झाळायची सळई. सळई म्हणजे लाकडी मूठ, लोखंडी दांडा आणि टोकाला तांब्याचा ठोकळा. ठोकळा भट्टीत तापवायचा आणि कथील वितळवून तारांची टोके जोडायची. चौदा वर्षे ही टपरी तिथे होती आणि चौदा वर्षे ती नगरपालिकेच्या जागेत होती. त्या साली कमिटीने हटवायच्या टपऱ्यांची यादी केली, आणि त्या यादीत इसाकचे नाव चौथे होते.

यादीतली नावे कमीजास्त करणे ज्यांच्या हातात होते त्यांतले एक म्हणजे खंडेराव निफाडकर वकील. शरणपूर रस्त्यावर बंगला, कमिटीत वजन, आणि मनात एकच इच्छा, की नावामागे 'रावसाहेब' लागावे. त्यासाठी त्यांनी बरेच काही केले होते. फेटा बदलला, चहात दूध कमी केले, आणि श्रावणात विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाची जुनी मोटार विकत घेतली. मोटार हिरव्या रंगाची होती आणि तिचे समोरचे दिवे ताम्हनाएवढे होते. ती दारात आली त्याच दिवशी तिची साग्रसंगीत पूजा झाली आणि तिचे नाव लक्ष्मी ठेवले गेले.

लक्ष्मी दारात उभी असली की एखाद्या सुनेसारखी गुणी. सगळे दिवे लागत, भोंगा वाजे. पण रस्त्याला लागून दोन खड्डे खाल्ले, की खट्ट. दिवे गेले, भोंगा गेला. व्हिक्टोरिया पुलाच्या चढावर तर ती हमखास आंधळी आणि मुकी व्हायची. मग खंडेरावांचा ड्रायव्हर नाथा, हा हरसूलकडचा गडी, खाली उतरून रुमालाने घाम पुशी आणि हाताने टाळ्या वाजवत लोकांना बाजूला करी. वकीलसाहेब मागे बसून समोर बघत राहत, जणू टाळ्या वाजवणारा माणूस हा मोटारीचा एक भागच आहे.

प्रत्येक वेळी इसाकला बोलावणे जाई. तो इंजिनावरचे टोपण उचले, चालकाच्या पुढच्या पत्र्यावर बसवलेली काळी फ्यूजची पेटी उघडे, जळलेली बारीक तार काढून नवी बसवे, आणि दिवे लागत. तो सगळ्या तारा तपासे. कुठेही काही नसे. तो टपरीवर जाऊन टेकतो तोच नाथा पुन्हा हजर.

"मिस्तरी, चला. परत उडाला फ्यूज."

"आता कुठे?"

"पुलावर. लय लोकं जमली व्हती. साहेब लय तापलेत."

दोन महिने हा खेळ चालला. गावातल्या दुसऱ्या प्रकारच्या वैद्यांनी आपापली मते दिली. कुणी म्हणाले साहेबाने जाताना मुद्दाम काहीतरी करून ठेवले. पंचवटीतल्या शास्त्रीबुवांनी मोटारीची खरेदीची वेळ विचारून शनीवर ठपका ठेवला. नाथाच्या मते नजर लागली होती, त्याने पुढच्या पट्टीला लिंबू-मिरच्या टांगल्या. इसाकला कुणी विचारले नाही, कारण त्याला माहीत नव्हते, आणि माहीत नाही असे म्हणणारा माणूस कुणाला आवडत नाही.

शेवटी घटस्थापनेच्या दिवशी खंडेरावांनीच प्रकरण हातात घेतले.

"इसाक, हा फ्यूज मुळात असतो तरी कशाला?"

"साहेब, कुठे गडबड झाली, वायर तापली, की तो आधी जळतो. म्हणजे गाडी जळत नाही."

"म्हणजे जळणं हेच त्याचं काम?"

"हो, साहेब."

"मग असा नोकर ठेवायचा कशाला? जाड तार घाल. न जळणारी."

"मग गाडी जळेल, साहेब."

खंडेरावांना ते पटले नाही. ते ज्या वाचनालयाचे अध्यक्ष होते तिथे पुस्तके हरवल्याची नोंद ठेवणारा एक कारकून होता. त्याला त्यांनी कमी केले, आणि तेव्हापासून एकही पुस्तक हरवल्याची नोंद झाली नव्हती. एवढा साधा उपाय या मिस्त्रीला कळू नये याचे त्यांना नवल वाटले.

"हे बघ," ते म्हणाले, "दसऱ्याला तिन्हीसांजेला मी कलेक्टरसाहेबांच्या बंगल्यावर सोनं द्यायला जाणार. सगळे दिवे लावून जाणार. त्या फाटकात जर दिवे गेले, तर दुसऱ्या दिवशी तुझी टपरी जाईल. आणि राहिले, तर टपरी राहील. आता जाड तार घाल नाहीतर बारीक घाल, तुझं तू बघ."

जाड तार घालणे पाच मिनिटांचे काम होते. दिवे गेले नसते. कलेक्टरच्या फाटकात फार तर धूर निघाला असता, कदाचित तोही दुसऱ्या दिवशी निघाला असता. इसाकने दोन दिवस त्यावर विचार केला, आणि आपण असला विचार केला म्हणून त्याला स्वतःचाच राग आला. त्याने जाड तार घातली नाही. खंडेनवमीला सकाळीच तो हत्यारांची पिशवी घेऊन बंगल्यावर गेला. आज कारण सापडल्याशिवाय उठायचे नाही असे त्याने ठरवले होते.

नाथा झेंडू आणायला बाजारात गेला होता. इसाकने फ्यूजची पेटी नुसती उघडली नाही, तिचे चार स्क्रू काढून ती सबंध पत्र्यावरून सोडवली. हे त्याने आधी कधी केले नव्हते, कारण पेटीच्या मागे तारांच्या टोकांखेरीज काही असायचे कारण नव्हते. पण मागे बरेच काही होते. हळद होती, कुंकू होते, एक सुपारी होती. पितळी टोकांवर हिरवा कळंक चढला होता. हा कळंक तो लहानपणापासून ओळखत होता, बिनकल्हईच्या पातेल्यात ताक राहिले की असाच चढतो. इथे नारळाचे पाणी मुरले होते. आणि या सगळ्या चिखलात एक तांब्याचा पैसा पडला होता, ज्याची एक कड जळून काळी झाली होती.

इसाकने पैसा बोटांत धरून फिरवला आणि दोन महिन्यांचा सगळा हिशेब त्याला लागला. मोटार आली त्या दिवशी नाथाने कुणाला तरी सांगितले असणार, की सगळ्या दिव्यांचा जीव या पेटीत आहे. मग वकीलसाहेबांच्या बाईंनी जिवाचीच पूजा केली. हळदकुंकू वाहिले, नारळाचे पाणी शिंपडले, विडा-सुपारी आणि वर दक्षिणेचा पैसा ठेवला. विड्याचे पान वाळून गेले, आणि पैसा फटीतून मागे घसरला. मोटार उभी असली की तो मुकाट पडून राही. खड्डा आला की उडून एकीकडे तारेच्या टोकाला आणि दुसरीकडे पत्र्याला चिकटे, आणि फ्यूज बिचारा आपले काम करून मरे. शनी दोन महिने फुकट बदनाम झाला होता.

इसाकला हसू आले आणि लगेच ते विरले. कारण सापडले होते, पण ते सांगायचे कुणाला? मुसलमान मिस्त्री म्हणतो, बाईंच्या पूजेने मोटार बिघडली. हे वाक्य शरणपूर रस्त्यावरून निघून दूध बाजारात पोचेपर्यंत त्याचे काय काय होईल हे त्याला चांगले ठाऊक होते. टपरी तर जाईलच, पण ती जाताना एकटी जाणार नाही. त्याने पैसा सदऱ्याच्या खिशात टाकला, घाईघाईने पितळ घासले, पेटी पुसली, नवी तार बसवली. शेवटचा स्क्रू पिळत होता तोच मागे काकणे वाजली.

सावित्रीबाई, खंडेरावांच्या पत्नी, हातात पूजेचे तबक घेऊन उभ्या होत्या. रेशमी सोवळे नेसलेल्या, कपाळावर रुपयाएवढे कुंकू. खंडेनवमी, म्हणजे हत्यारांची आणि वाहनांची पूजा. तबकात नारळ होता, विडा होता, आणि विड्यावर एक कोरा करकरीत तांब्याचा पैसा होता.

"झालं का, इसाकभाई? मला जिवाची पूजा करायची आहे," त्या म्हणाल्या. "तेवढं झाकण उघडं ठेवा."

खोटे बोलणे इसाकला जमत नसे. त्याने झाकण लावले, त्यावर हात ठेवला, आणि तोंडाला जे पहिले आले ते तो बोलून गेला.

"बाईसाहेब, ही पेटी सोवळ्यातली आहे."

सावित्रीबाई थबकल्या. इसाकने एक तार ओढून दाखवली.

"ही बघा. अंगावर सुती वस्त्र, त्यावर लाखेचा हात. का? तर कुणाला शिवायचं नाही. हिला कशाचा स्पर्श झाला, पाण्याचा म्हणा, कुंकवाचा म्हणा, पैशाचा म्हणा, की झाला विटाळ. मग या फ्यूजला प्रायश्चित्त घ्यावं लागतं. जळून."

वायरींना अंतर का ठेवावे हे त्याने छावणीतल्या दोन शिपायांना, नाथाला आणि खुद्द वकीलसाहेबांना अनेकदा समजावले होते, आणि एकालाही ते कळले नव्हते. सावित्रीबाईंना पुऱ्या एका वाक्यात कळले.

"म्हणजे आमच्या स्वयंपाकघरासारखं," त्या म्हणाल्या. "अगोबाई, आणि आम्ही इतके दिवस शिवत होतो."

त्यांनी दोन पावले मागे जाऊन लांबूनच नमस्कार केला. नारळ चाकापाशी फोडला, विडा आणि पैसा टोपणावर ठेवला.

दसऱ्याला तिन्हीसांजेला लक्ष्मी सगळे दिवे लावून निघाली. व्हिक्टोरिया पुलावर नाथाने नवस बोलून घेतला. फाटकात दिवे लागलेले होते, पोर्चमध्येही होते. कलेक्टरसाहेबांनी आपट्याची पाने घेतली, दिव्यांचा उजेड डोळ्यांवर आला म्हणून हात कपाळाशी नेला, आणि खंडेरावांनी ती सलामी समजून वर्षभर सांगितली. रावसाहेबी काही आली नाही, ती पुढच्या साली एका धान्याच्या व्यापाऱ्याला मिळाली. पण शब्दाला ते जागले. मार्गशीर्षात कमिटीच्या बैठकीत चौथे नाव यादीतून वगळले गेले, आणि इसाकला शिक्का मारलेला कागद मिळाला. त्याने तो काचेत बसवून टपरीत लावला. हाजराने, त्याच्या बायकोने, त्या दिवशी गूळ घालून भात केला.

गोष्ट इथे संपती तर इसाकला हवीच होती. पण संक्रांतीचे हळदीकुंकू आले. ज्या घरांपुढे मोटारी उभ्या होत्या त्या घरच्या बायका सावित्रीबाईंकडे जमल्या, आणि सावित्रीबाईंनी तिळगुळाबरोबर ही नवी माहितीही वाटली. फ्यूजची पेटी सोवळ्यातली असते. मिस्त्रीनेच सांगितले. महिन्याभरात नाशकातल्या अकरा मोटारींच्या फ्यूजवर तांबड्या खणाची झालर आली. एकीच्या पेटीवर तर लहानशी घुमटी होती.

इसाक हे बघून घरी जाऊन पोट धरून हसला. हाजरा हसली नाही.

"जमीलचे अब्बा," लेकाच्या नावाने हाक मारत ती म्हणाली, "सोवळ्यात ठेवलं, मग तुम्हाला हात लावू देतील?"

"मी मिस्त्री आहे."

"बरं," ती म्हणाली.

होळी आली आणि लक्ष्मीचा फ्यूज उडाला. या वेळी कारण साधे होते, भोंग्याची वायर घासून उघडी पडली असणार. इसाक पिशवी घेऊन गेला. टोपण उचलायला हात पुढे केला, तर सावित्रीबाई ओट्यावरून म्हणाल्या, अगदी मृदू आवाजात, "इसाकभाई, पेटीला नका हात लावू हं. तुम्हीच सांगितलंत ना."

इसाक हात तसाच धरून उभा राहिला. पंधरा वर्षांत त्याच्या हाताला कुणी नको म्हटले नव्हते, आणि आज म्हटले ते त्याच्याच शब्दांत. भांडायचे तरी कुणाशी?

खंडेराव बाहेर आले. ते सुधारक होते, म्हणजे सभेत. घरात त्यांनी सगळा कारभार बायकोकडे दिला होता. "तिचं म्हणणं मोडवत नाही रे," ते म्हणाले. "आणि कल्पना तुझीच आहे."

नाथाला शिवायची परवानगी नव्हती, तो तर गुरांत वाढलेला. शेवटी पूजा सांगणारे एक भटजी बोलावले. ते आंघोळ करून, रेशमी मुकटा नेसून आले. इसाक दहा हात लांब उभा राहून सांगत होता, की आधी बॅटरीची तार सोडा. भटजींना म्लेंच्छाचा उपदेश घ्यायचा नव्हता. त्यांनी पाना थेट बॅटरीच्या दोन टोकांवर आडवा ठेवला. निळी ठिणगी उडाली, पाना लाल झाला, आणि भटजी शरणपूर रस्त्याने जे पळत सुटले ते आपले पळीपंचपात्र न्यायलाही आले नाहीत.

मोटार तीन आठवडे उभी राहिली. हळूहळू झालरीच्या बाकीच्या दहाही उभ्या राहू लागल्या, कारण फ्यूज कधी ना कधी उडतोच. इसाकची टपरी आता कायदेशीर होती, शिक्क्याची होती, आणि रिकामी होती. तो सकाळी जाऊन भट्टी पेटवे आणि काचेतला कागद वाचत बसे. एके दिवशी जेवताना त्याने ताटावरून हात मागे घेतला आणि दोन्ही तळवे उलटे करून बघत बसला.

"काय झालं हातांना?" हाजराने विचारले.

"काही नाही. तेच तर बघतोय."

हाजराने चुलीवरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "सासरे भटजींच्या सोवळ्याची पातेली कल्हई करायचे, तेव्हा कुणी नको म्हणालं नाही."

"ती विस्तवातून निघायची. विस्तवातून निघालं की शुद्ध. अब्बा पातेलं भट्टीवरून काढून थेट ओट्यावर ठेवायचे, आणि—"

तो मध्येच थांबला. हाजराने त्याच्या ताटात भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी इसाक पंचवटीत शास्त्रीबुवांच्या दारात उभा राहिला आणि त्याने प्रश्न विचारला. विस्तवातून निघालेल्या भांड्याला विटाळ नाही, मग विस्तवातून निघालेल्या हत्याराला आहे का? शास्त्रीबुवांनी डोळे मिटले. शास्त्र त्यांना पाठ होते, पण त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांपुढे वणी होती. देवीची चैत्रातली यात्रा चार दिवसांवर आली होती, खंडेरावांच्या मोटारीतून तिकडे जायचे ठरले होते, आणि बैलगाडीत बसले की त्यांची कंबर धरे. त्यांनी डोळे उघडले.

"अग्नीला विटाळ नाही," ते म्हणाले. "हत्यार तप्त असेल, तोवर ते धरणाऱ्या हातालाही नाही. निवालं की मात्र दूर."

असा निकाल लागला, आणि अकराही घरी तो मान्य झाला. शास्त्रीबुवा मोटारीतून वणीला जाऊन आले. पण फ्यूज बदलायला झाळकाम लागतच नाही. एक स्क्रू सैल करायचा, तार बदलायची, स्क्रू पिळायचा. त्याला दोन हात लागतात. आता इसाकच्या एका हातात तापलेली सळई असे आणि दुसऱ्या हाताने तो स्क्रू पिळे. तार दातात धरे. सळई निवू लागली की घरची कुणीतरी बाई ओट्यावरून सांगे, "मिस्त्री, निवली वाटतं," आणि तो पुन्हा शेगडीशी जाई. प्रत्येक घरी जाताना कोळशाची शेगडी बरोबर न्यावी लागे. मनगटावर, कोपरावर, एकदा गालावर डाग पडले. गावात म्हणू लागले, काय कसबी माणूस आहे, एका हाताने काम करतो. लांबून लोक बघायला येत.

इसाकला या कौतुकाचा फार राग येई, आणि तो दाखवायची सोय नव्हती. ही अक्कल त्याचीच होती, आधीचीही आणि नंतरचीही. तरुण मिस्त्री आले, त्यांनीही सळया घेतल्या, कारण वायरीचे काम असेच करतात अशी त्यांची समजूत झाली. जळक्या कडेचा पैसा तेवढा त्याने कुणाला दाखवला नाही. तो हत्यारांच्या पिशवीच्या तळाशी होता.

अशी सहा वर्षे गेली. १९३९ सालच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी लक्ष्मीचा फ्यूज उडाला. लक्ष्मी म्हातारी झाली होती, इसाकही. तो शेगडी घेऊन गेला, सळई तापवली, डाव्या हातात धरली आणि टोपणाखाली वाकला. खंडेराव ओसरीत वर्तमानपत्र वाचत होते. सावित्रीबाई सोवळ्यात उभ्या होत्या. दातातली तार दोनदा खाली पडली. तिसऱ्यांदा ती उचलताना सळई त्याच्या उजव्या तळव्याला लागली. त्याने श्वास ओढला.

"ठेवा ती खाली," सावित्रीबाई हळूच म्हणाल्या. "हे वर बघत नाहीयेत."

"नको, बाईसाहेब. आज चोरून ठेवली, तर उद्या उघड उचलताना आणखी जड होईल."

मग त्याला काय वाटले कोण जाणे. त्याने भाजलेला हात पिशवीत घातला, तळातला तो पैसा काढला आणि मोटारीच्या चाकावरच्या पत्र्यावर ठेवला.

"हा तुमचा आहे. सहा वर्षं माझ्याकडे राहिला."

सावित्रीबाईंनी पैसा उचलला. जळलेल्या कडेवरून बोट फिरवले. कडेच्या खाचेत अजून कुंकू होते. त्यांनी पेटीकडे पाहिले, तांबड्या झालरीकडे पाहिले. स्वयंपाकघरासारखे म्हटल्यावर एका वाक्यात समजलेली बाई ती, सोवळ्याची गोष्ट कशासाठी रचली होती, हेही तिला समजायला वेळ लागला नाही.

"मीच ठेवला होता," त्या म्हणाल्या. "तेव्हा का नाही सांगितलंत?"

"टपरी गेली असती."

"मी ऐकलं असतं."

"तुम्ही ऐकलं असतं, बाईसाहेब. पण बोलणारा मी होतो."

सावित्रीबाईंनी पैसा कनवटीला लावला. मग सोवळ्याचा पदर कमरेला खोचून त्या पुढे आल्या आणि इसाकच्या हातातून सळईची मूठ काढून घेतली. सळई अजून लाल होती. ती त्यांनी स्वतः धरली, पेटीपाशी, जशी समई धरावी तशी नाही, तर घट्ट, भाजेल या भीतीने. इसाक क्षणभर मोकळ्या हातांकडे बघत राहिला. मग त्याने झालर बाजूला केली, दोन्ही हातांनी झाकण उघडले, आणि एका दमात तार बसवली.

"काय चाललंय तिकडे?" खंडेरावांनी वर्तमानपत्रामागून विचारले.

"फ्यूज बसतोय," सावित्रीबाई म्हणाल्या. "सळई तापलेली आहे."

खंडेरावांनी पान उलटले. सावित्रीबाईंनी इसाकला खालच्या आवाजात विचारले, "सहा वर्षं ही एका हातात धरत होता?" इसाकने मान हलवली आणि स्क्रू पिळला. सळई जड होती, तरी दिवे लागेपर्यंत त्यांनी ती खाली ठेवली नाही.